सहा मिलिमीटरची लेन्स, सव्वादोन मिलिमीटरची वाट

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की घरात लेन्सचीच चर्चा सुरू होते. कोणत्या कंपनीची घ्यायची, चष्मा जाईल की राहील, फक्त लांबचं दिसणारी बसवायची की जवळचं-लांबचं दोन्ही दिसणारी. प्रश्न रास्तच आहेत. पण ही लेन्स डोळ्यात शिरते कशी, हे क्वचितच कोणी विचारतं.

आधी आकडे बघा. कृत्रिम लेन्सचा मधला गोल, म्हणजे ज्यातून आपण पाहतो तो भाग, साधारण 6 मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच्या दोन बाजूंना लेन्स जागेवर धरून ठेवणारे दोन बारीक, वाकडे पाय असतात. त्यांना हॅप्टिक म्हणतात. पायांसकट मोजली तर लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत 12.5 ते 13 मिलिमीटर भरते. आणि आजच्या फेको शस्त्रक्रियेत, म्हणजे मोतीबिंदू आतल्या आत फोडून शोषून घेतात त्या शस्त्रक्रियेत, डोळ्याला दिलेली चीर असते 2.2 ते 2.8 मिलिमीटर. खोलीभर पसरणारी सतरंजी अरुंद दारातून न्यायची तर गुंडाळावीच लागते, तसंच हे. फरक इतकाच की इथे गुंडाळलेली वस्तू आत नेमक्या जागी, नेमक्या बाजूने, हळूहळू उलगडली पाहिजे आणि तिच्यावर एकही ओरखडा उमटता कामा नये.

चीर एवढी लहान ठेवायचा अट्टाहास कशासाठी? डोळ्याच्या पुढचा पारदर्शक भाग, कॉर्निया, हा प्रकाश वाकवण्याचं सर्वांत मोठं काम करतो. त्याला मोठी चीर दिली, वर टाके घातले, की त्याची गोलाई बिघडते. एका दिशेने चपटा, दुसऱ्या दिशेने फुगीर, असा तो होतो. मग आत कितीही उत्तम लेन्स असली तरी नजर तिरप्या नंबरामुळे धूसरच राहते. शिवाय मोठी जखम भरायला आठवडे लागतात, टाके टोचतात, सैल होतात, आणि जंतूंना आत शिरायला वाव मिळतो. याउलट दोन-सव्वादोन मिलिमीटरची चीर जर कॉर्नियातून तिरपी, छोट्या बोगद्यासारखी नेली, तर डोळ्याच्या आतला दाबच तिची आतली कड दाबून धरतो आणि ती आपोआप मिटते. ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ म्हणतात ते हेच.

आधी लेन्स आली, मग तिच्यासाठी वाट शोधली

कृत्रिम लेन्सची सुरुवात दुसऱ्या महायुद्धात झाली. ब्रिटिश लढाऊ विमानांच्या कॉकपिटवर पर्स्पेक्स या कडक पारदर्शक प्लास्टिकचं आवरण असे. गोळीबारात ते फुटलं की त्याचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की हे तुकडे वर्षानुवर्षं आत राहिले तरी डोळा ते निमूट सहन करतो, लाल होत नाही, पू होत नाही. मग मोतीबिंदू काढल्यावर त्याच पदार्थाची लेन्स बसवली तर? 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी ती बसवली. नेत्रतज्ज्ञांनी त्यांना कडाडून विरोध केला. डोळ्यातून परकी वस्तू काढायची असते, घालायची नसते, असा तो काळ होता. रिडलींना ‘सर’ हा किताब मिळाला तो 2000 साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी.

रिडलींची लेन्स आठ मिलिमीटरहून मोठी, जाड आणि जड होती. ती चिमट्यात धरून मोठ्या चिरेतून आत सरकवायची आणि चीर टाक्यांनी बंद करायची. त्या काळी मोतीबिंदू आख्खाच्या आख्खा बाहेर काढत, त्यामुळे चीर तशीही मोठीच असे. लेन्स आत घालायला वेगळी वाट शोधायची गरजच कोणाला वाटली नाही.

ती गरज निर्माण केली अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांनी. दातांवरचं कीटण काढायला दंतवैद्य वापरतात त्या अल्ट्रासाऊंडच्या उपकरणावरून त्यांना कल्पना सुचली, आणि 1967 मध्ये त्यांनी मोतीबिंदू आतल्या आत फोडून, त्याचा चुरा शोषून घेण्याची पद्धत मांडली. तीच फेको. मोतीबिंदू तीनेक मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर येऊ लागला. पण लेन्स अजून कडक प्लास्टिकचीच होती. ती घडी होत नव्हती, वाकत नव्हती. त्यामुळे सर्जन मोतीबिंदू काढायचा तीन मिलिमीटरच्या छिद्रातून, आणि मग लेन्स घालायला तेच छिद्र सहा-सात मिलिमीटरपर्यंत कापून मोठं करायचा. लहान चिरेचा फायदा शेवटच्या पाच मिनिटांत वाया जायचा. फेकोची पद्धत सर्वत्र रुजायला दोन दशकं लागली, त्यामागे हे एक मोठं कारण होतं असं मला वाटतं.

कोंडी फुटली ती मऊ लेन्समुळे. 1980 च्या दशकात अमेरिकी सर्जन थॉमस माझोको यांनी सिलिकॉनची घडी होणारी लेन्स वापरात आणली. 1990 च्या दशकात अॅक्रिलिकच्या लेन्स आल्या आणि आज बहुतेक ठिकाणी त्याच बसतात. लेन्स दुमडू लागली तसं लहान चिरेचं गणित जुळलं.

पदार्थ कोणता, यावर उलगडणं ठरतं

सिलिकॉन लवचिक असतं आणि सुटताक्षणी झटकन मूळ आकारात येतं. हीच त्याची अडचण. आत गेल्यावर लेन्स एकदम उघडली तर ती जिच्यात बसते त्या पिशवीच्या मागच्या नाजूक पडद्याला धक्का बसू शकतो. पाणी धरून न ठेवणारं अॅक्रिलिक याच्या उलट वागतं. ते संथपणे, काही सेकंद घेत उलगडतं, आणि तेवढ्या वेळात सर्जनला पाय योग्य दिशेला वळवता येतात. या पदार्थाची प्रकाश वाकवण्याची ताकदही जास्त. कडक पर्स्पेक्सचा अपवर्तनांक 1.49, तर या अॅक्रिलिकच्या काही लेन्सचा 1.55. त्यामुळे त्याच नंबरची लेन्स पातळ बनते आणि पातळ लेन्स अरुंद नळीतून सहज जाते. अॅक्रिलिकची दुसरी जात पाणी धरून ठेवते, साधारण चौथ्या हिश्शापर्यंत. ती आणखी मऊ असते आणि त्यातल्या काही लेन्स 1.8 मिलिमीटरच्या चिरेतूनही जातात.

अॅक्रिलिकला थंडी मानवत नाही. ऑपरेशन थिएटर गार असतं, आणि गारठलेली अॅक्रिलिक लेन्स ताठर होते. जबरदस्तीने दुमडली तर तिला चीर पडू शकते. दुमडली गेलीच तर आत उलगडायला वेळ घेते. म्हणून अनुभवी सिस्टर लेन्सचा डबा गार हवेच्या झोताखाली ठेवत नाही. डोळ्याच्या आतल्या उबेला आल्यावर लेन्स सैल पडते.

लेन्सच्या नंबराचाही परिणाम होतो. ज्यांचा डोळा आखूड असतो त्यांना +28, +30 अशी जास्त ताकदीची लेन्स लागते. ती मधे जाड असते. तिला पुढे ढकलायला जोर जास्त लागतो, म्हणून काही वेळा जरा रुंद तोंडाची नळी घ्यावी लागते.

आत जागा तयार करणं

नैसर्गिक भिंग एका पातळ पारदर्शक पिशवीत असतं. मोतीबिंदू काढताना या पिशवीच्या पुढच्या बाजूला 5 ते 5.5 मिलिमीटरचं गोल तोंड पाडतात आणि आतलं गढूळ भिंग काढून घेतात. पिशवी मात्र तशीच राखतात, कारण नवी लेन्स तिच्यातच बसायची असते. हे तोंड अखंड गोल, कडेला एकही चीर न पडू देता कसं पाडायचं, ते कॅनडाचे हॉवर्ड गिंबेल आणि जर्मनीचे थॉमस नॉयहान यांनी 1980 च्या दशकात स्वतंत्रपणे शोधलं. गोल अखंड असेल तर लेन्स आत ढकलताना ताण चारी बाजूंना सारखा वाटला जातो. कडेला एक जरी फाट असेल तर लेन्सचा पाय नेमका तिथे जोर लावतो आणि फाट मागपर्यंत धावते.

पिशवीचा मागचा पडदा किती नाजूक? त्याची जाडी सर्वांत पातळ ठिकाणी 4 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. तो फाटला की मागचा चिकट द्रव, व्हिट्रियस, पुढे येतो आणि ऑपरेशनचं सगळं नियोजन बदलतं.

मोतीबिंदू निघाल्यावर ही पिशवी रिकामी, ढिली पडलेली असते, पुढचा आणि मागचा पडदा जवळजवळ चिकटलेले. त्यात लेन्स सरकवायची तर आधी ती फुगवायला हवी. त्यासाठी जे जेल भरतात त्याला व्हिस्कोइलॅस्टिक म्हणतात. सोडियम हायल्युरोनेटचं असं पहिलं जेल 1980 च्या सुमारास बाजारात आलं, आणि ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढलेलं होतं! माझ्या मते लेन्सच्या इतिहासात या जेलला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही. ते पिशवी फुगवून ठेवतं, लेन्सला मऊ गादी देतं आणि मुख्य म्हणजे कॉर्नियाच्या आतल्या पेशींचं रक्षण करतं. त्या पेशी कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर टाकून तो स्वच्छ ठेवतात. मोठ्या माणसात त्या एका चौरस मिलिमीटरला अडीच हजारांच्या आसपास असतात, आणि गेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही. लेन्सची कड एकदा जरी तिथे घासली तरी त्या भागातल्या पेशी कायमच्या जातात.

चिमट्यापासून इंजेक्टरपर्यंत

घडीच्या लेन्स आल्या तेव्हा त्या चिमट्यानेच आत घालत. एका चिमट्याने लेन्सची घडी घालायची, दुसऱ्या बारीक चिमट्याने ती घडी पकडायची, चिरेतून आत न्यायची, पिशवीच्या तोंडाशी फिरवायची आणि चिमटा हळूच सैल करायचा. कुशल हातांनी हे सुंदर होतं. पण लेन्ससोबत चिमट्याची जाडीही आत जायची, त्यामुळे चीर तीन मिलिमीटरच्या वरच ठेवावी लागे. चिमट्याच्या पात्यांनी लेन्सवर खुणा उमटत. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की उघडी लेन्स पापणीच्या कडेला, डोळ्याच्या पृष्ठभागाला लागण्याची शक्यता असे. आपल्या पापण्यांवर जंतू कायम वस्तीला असतात. ऑपरेशनपूर्वी पोव्हिडोन आयोडीनचे थेंब टाकून ते कमी करतात, पण पूर्ण संपत नाहीत. जी लेन्स आयुष्यभर डोळ्यात राहणार, ती बाहेरच्या कशालाही न लागता थेट आत गेलेली कधीही बरी.

इंजेक्टर हे करतो. रचनेत तो सिरिंजसारखाच असतो, मागे दट्ट्या, पुढे निमुळती होत जाणारी नळी. नळीच्या भागाला कार्ट्रिज म्हणतात. तिच्या आतल्या भिंतीवर निसरडा लेप असतो, कारण अॅक्रिलिक प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतं. दट्ट्याचं टोक काहींत मऊ सिलिकॉनचं, काहींत कडक, दुबेळकं असतं. मागून ढकलण्याच्या पद्धती दोन. एक अंगठ्याने थेट दाबायची, तिला एक हात पुरतो आणि दुसऱ्या हाताने डोळा स्थिर धरता येतो. दुसरीत मागचा पेच फिरवायचा, त्याला दोन्ही हात लागतात, पण लेन्स केसाएवढी केसाएवढी पुढे सरकते. नवशिक्या सर्जनला पेचाचा इंजेक्टर सोपा जातो. हात बसला की बरेच जण अंगठ्याच्या इंजेक्टरकडे वळतात.

लेन्स भरण्याचं काम टेबलावर, सूक्ष्मदर्शकाखाली किंवा नुसत्या डोळ्यांनी चालतं, आणि माझ्या मते निम्मं यश इथेच ठरतं. आधी कार्ट्रिजमध्ये जेल भरायचं. ते कमी पडलं तर लेन्स कोरड्या भिंतीला घासते. नुसतं सलाइन चालत नाही, ते निसरडेपणा टिकवत नाही. मग चिमट्याने लेन्सला कडेने उचलायचं, मधल्या गोलाला स्पर्श करायचा नाही, आणि कार्ट्रिजच्या दोन पंखांमधल्या खोबणीत ठेवायचं. बाजू बरोबर आहे का, बघायचं. पुढचा पाय पुढे, मागचा पाय शक्यतो दुमडून लेन्सच्या गोलावर. दोन्ही कडा खोबणीत नीट बसल्यावरच पंख मिटायचे. एक कड बाहेर राहून पंखात चिमटली तर ती तिथेच कापली जाते, आणि हे नेहमी लगेच दिसतं असंही नाही. मग दट्ट्या पुढे नेऊन लेन्स नळीच्या रुंद भागात आणून थांबायचं. अरुंद तोंडाशी नेऊन ठेवायची नाही. तिथे दाबून फार वेळ राहिली तर ती भिंतीला चिकटते किंवा उलगडायला नखरे करते. लेन्ससोबत येणाऱ्या कागदावर ही वेळ लिहिलेली असते आणि ती पाळण्यासाठीच असते.

कार्ट्रिज एकदाच वापरायचं. दुसऱ्यांदा वापरलं तर आतला लेप झिजलेला असतो आणि तोंडाला न दिसणाऱ्या भेगा गेलेल्या असतात.

लेन्स भरण्यातल्या चुका टाळायला आता कारखान्यातूनच लेन्स भरून येणारे इंजेक्टर मिळतात. सिस्टरने फक्त ठरलेल्या छिद्रातून जेल सोडायचं आणि दट्ट्या पुढे आणायचा. चिमट्याचा स्पर्शच नाही, त्यामुळे ओरखडे, धूळ, उलटी बाजू या तिन्हींची भीती कमी. वेळही वाचतो. त्याच्याही पुढचे इंजेक्टर मोटरने किंवा दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूने लेन्स ढकलतात. सर्जन पायाच्या पेडलने किंवा बोटाच्या खटक्याने वेग ठरवतो. अंगठ्याचा जोर लावावा लागत नाही, त्यामुळे इंजेक्टरचं टोक हलत नाही. ही सोय चांगलीच आहे. पण साध्या इंजेक्टरने काम वाईट होतं असा अर्थ कोणी काढू नये. हात सरावलेला असेल तर दोन्हींत लेन्स तितकीच छान बसते.

ते तीस सेकंद

इंजेक्टरचं तोंड तिरपं कापलेलं असतं. तिरपी बाजू खाली ठेवून ते चिरेत घालतात. काही सर्जन तोंड पूर्ण आत, डोळ्याच्या पुढच्या पोकळीपर्यंत नेतात. काही जण तोंड चिरेच्या कडेला फक्त टेकवतात आणि चिरेचा बोगदाच नळीचा पुढचा भाग म्हणून वापरतात. दुसऱ्या पद्धतीत चीर आणखी लहान ठेवता येते, पण लेन्स बोगद्याच्या भिंतीला घासत जाते आणि डोळा मागे ढकलला जातो, म्हणून दुसऱ्या हाताने तो धरावा लागतो. चीर गरजेपेक्षा लहान ठेवण्याचा हट्टही बरा नाही. बळेच घुसवलेल्या कार्ट्रिजने कडा ताणल्या जातात, फाटतात, आणि अशी ताणलेली जखम स्वच्छ कापलेल्या मोठ्या चिरेपेक्षा वाईट मिटते.

दट्ट्या पुढे सरकतो तशी लेन्स नळीतून बाहेर डोकावते. पहिला पाय पिशवीच्या गोल तोंडातून खाली, आत जायला हवा. म्हणून टोक थोडं खाली झुकवतात. मागोमाग मधला गोल येतो आणि उलगडायला लागतो. इथे घाई उपयोगाची नाही. गोल उघडला की मागचा पाय बहुधा अजून चिरेतच किंवा बाहेर असतो. सिन्स्की हूक नावाच्या बारीक वाकड्या टोकाच्या काडीने लेन्स हलकेच दाबत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की तो पायही पिशवीत उतरतो.

बाजू सुलटी पडली का, हे पायांवरून कळतं. वरून पाहताना दोन पाय आणि गोल मिळून इंग्रजी ‘एस’ आरशात दिसावा तसा आकार दिसला तर ठीक. सरळ ‘एस’ दिसला तर लेन्स उलटी पडली आहे. काही लेन्सच्या पायांना किंचित कोन असा दिलेला असतो की मधला गोल मागच्या बाजूला राहतो. अशी लेन्स उलटी बसली तर ती पुढे सरकते आणि नंबर बदलतो. म्हणून उलटी पडल्यास, जागा आणि जेल भरपूर असताना, ती तिथेच पलटतात.

तिरपा नंबर घालवणारी टोरिक लेन्स असेल तर काम इथे संपत नाही. तिच्या कडेवरच्या खुणा कॉर्नियावर आधीच आखलेल्या अक्षाशी जुळवाव्या लागतात. प्रत्येक 1 अंशाच्या चुकीला तिचा सुमारे 3.3 टक्के परिणाम कमी होतो, आणि 30 अंश फिरली तर तिरपा नंबर घालवण्याचा फायदाच उरत नाही. म्हणून तिच्यामागे अडकलेलं जेल काळजीपूर्वक काढतात. ते राहिलं तर लेन्स त्यावर तरंगून फिरते. साध्या लेन्सच्या बाबतीतही जेल काढावंच लागतं, नाहीतर डोळ्याचा दाब दुसऱ्या दिवशी चढलेला मिळतो. शेवटी चिरेच्या कडांमध्ये थोडं सलाइन सोडून त्या फुगवतात, म्हणजे त्या एकमेकींवर घट्ट बसतात. कोरड्या स्पंजने गळती तपासतात. गळत असेल तर एक टाका घालण्यात कमीपणा नाही.

अडलं तर

कधी दट्ट्या लेन्सच्या मागे न लागता तिच्या वर चढतो आणि तिला चिरडतो. कधी मागचा पाय दट्ट्याच्या टोकात अडकतो, आणि इंजेक्टर मागे घेताना लेन्सही मागे ओढली जाते. कधी कार्ट्रिजचं टोक कॉर्नियाच्या आतल्या पातळ थराखाली शिरून तो थर सोलून काढतं. यातल्या बऱ्याच घटनांची आगाऊ सूचना एकच असते. जोर नेहमीपेक्षा जास्त लागतो. तेव्हा थांबून, लेन्स बाहेर घेऊन, नवी कार्ट्रिज भरणारा सर्जन खरा जाणता. आणखी जोर लावला की अडकलेली लेन्स एकदम सुटते आणि पिशवी फाडून मागे जाऊ शकते.

मागचा पडदा आधीच फाटला असेल, तर ठरवलेली लेन्स बाजूला ठेवावी लागते. हल्लीची बहुतेक एकसंध, म्हणजे गोल आणि पाय एकाच तुकड्यात असलेली, अॅक्रिलिक लेन्स फक्त पिशवीच्या आतच ठेवायची असते. पिशवीच्या पुढे, बुबुळाच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या) मागच्या जागेत ठेवली तर तिचे जाड पाय बुबुळाला घासतात, रंगकण झडतात, सूज येते, दाब वाढतो. त्या जागेसाठी बारीक पायांची तीन भागांची लेन्स वापरतात आणि जमलं तर तिचा गोल पिशवीच्या तोंडात मागे अडकवून ठेवतात. म्हणूनच थिएटरमध्ये तशी एक लेन्स हाताशी असावी लागते. पिशवीचा आधारच उरला नसेल तर बुबुळाला चिमटीत पकडणारी लेन्स, जी डच नेत्रतज्ज्ञ यान वोर्स्ट यांनी विकसित केली. किंवा लेन्सचे पाय डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीतच रोवायचे. अमर अगरवाल यांनी 2007 मध्ये ते गोंदाच्या साहाय्याने बसवले. जपानचे शिन यामाने यांनी 2017 मध्ये दोन बारीक सुयांनी पाय बाहेर ओढून, टोक उष्णतेने फुगवून त्याची गाठ करायची पद्धत दाखवली. टाका नाही, गोंद नाही. मला ती अतिशय देखणी वाटते.

पिशवीला धरून ठेवणारे धागे कमकुवत असतील तर आत एक लवचिक कडं बसवतात, तेही इंजेक्टरमधूनच जातं. बाहुली नीट मोठी होत नसेल तर ती ताणून धरणारं कडंही त्याच चिरेतून जातं आणि त्याच चिरेतून परत निघतं. बाहुलीच्या बाबतीत रुग्णाच्या हातात एक गोष्ट आहे. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन नावाचं औषध घेत असाल, किंवा पूर्वी कधी घेतलं असेल, तर डोळ्याच्या डॉक्टरांना ते आधीच सांगा. त्या औषधाने बुबुळ ढिलं पडतं आणि ऑपरेशनच्या मध्यावर चिरेकडे धावतं. आधी माहीत असेल तर तयारी ठेवता येते. औषध स्वतःहून बंद करू नका, बंद केल्याने हा परिणाम हमखास जात नाही.

जगात अजूनही कडक प्लास्टिकच्या लेन्स मोठ्या संख्येने बसतात आणि त्यात कमी प्रतीचं काही नाही. पांढऱ्या भिंतीतून सहा-सात मिलिमीटरचा तिरपा बोगदा करून, हाताने मोतीबिंदू बाहेर काढून, चिमट्याने कडक लेन्स सरकवण्याची पद्धत आहे. तो बोगदाही टाक्याशिवाय मिटतो. मोतीबिंदू दगडासारखा पिकला असेल तेव्हा फेकोच्या उष्णतेपेक्षा हीच वाट कॉर्नियाला सुखाची ठरते. तुम्हाला डॉक्टरांनी ती सुचवली, तर जुनी पद्धत म्हणून नाराज होऊ नका, कारण विचारा.

इंजेक्टर लेन्स फक्त आत नेतो. नंबर चुकला म्हणून किंवा लेन्स गढूळ झाली म्हणून ती काढायची वेळ आली, तर तिला पुन्हा त्या नळीत ओढून घेता येत नाही. डोळ्यातच सूक्ष्म कात्रीने ती मधोमध कापावी लागते, किंवा आतल्या आत दुमडून चिमट्याने ओढावी लागते. सिलिकॉन निसटतं, अॅक्रिलिक कापता येतं, कडक प्लास्टिक कापायचं तर जोर फार लागतो, म्हणून त्यासाठी चीरच मोठी करतात. काढणाऱ्या सर्जनला आत कोणती लेन्स आहे, किती नंबरची, कोणत्या पदार्थाची, हे आधी कळलं तर तो तशी हत्यारं मांडून ठेवतो. ही सगळी माहिती ऑपरेशननंतर मिळणाऱ्या छोट्या कार्डावर, लेन्सच्या डब्यावरच्या स्टिकरमध्ये असते. डिस्चार्जच्या कागदांत ते कार्ड नसेल तर मागून घ्या, आणि त्याचा एक फोटो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनमध्येही ठेवा.